लुसी विल्स

लुसी विल्स (जन्म: १० मे १८८८, सटन कोल्डफील्ड, इंग्लंड, मृत्यू: एप्रिल १९६४) या ब्रिटिश वैद्यक संशोधक आणि रक्तविकारतज्ज्ञ होत्या. मुंबईतील गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका प्राणघातक रक्तक्षयाचे कारण त्यांनी १९२८ ते १९३३ या काळात शोधले. हा विकार जंतूंपासून होत नसून आहारातील एका घटकाच्या अभावामुळे होतो आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. हा अज्ञात घटक काही वर्षे विल्स घटक या नावाने ओळखला जात असे. तोच पुढे फॉलिक आम्ल म्हणून प्रसिद्ध झाला. गरोदरपणात आज जगभर फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. त्या प्रथेचा आरंभ मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेत झालेल्या या कामात आहे.

जन्म आणि कुटुंब

लुसी विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील जेम्स लिओनार्ड विल्स हे विज्ञानाचे पदवीधर होते. धारदार हत्यारे व अवजारे बनवण्याचा या घराण्याचा कारखाना होता. आई गर्ट्रूड या बर्मिंगहॅममधील एका नामवंत डॉक्टरांची कन्या. घरात शास्त्राची आवड मुरलेली होती. लुसी यांचे थोरले बंधू लिओनार्ड जॉन्स्टन विल्स पुढे भूवैज्ञानिक म्हणून नावारूपाला आले.

शिक्षण

१९०३ मध्ये लुसी यांनी चेल्टनहॅम लेडीज कॉलेज या शाळेत प्रवेश घेतला. मुलींना गणित आणि विज्ञान गांभीर्याने शिकवणाऱ्या इंग्लंडमधील मोजक्या शाळांपैकी ही एक होती. १९०७ मध्ये त्या केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे वनस्पतिशास्त्र आणि भूविज्ञान हे त्यांचे विषय होते. १९११ पर्यंत त्यांनी तेथील परीक्षा पूर्ण केल्या. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पण पदवी देत नसे. स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास या विद्यापीठाने १९४८ मध्ये सुरुवात केली. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही विल्स यांना पदवी मिळाली नाही.

१९११ मध्ये वडिलांचे आणि १९१३ मध्ये बहीण ईडिथ हिचे निधन झाले. त्याच वर्षी लुसी आईसह सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाऊन आल्या. १९१४ मध्ये धाकटे बंधू गॉर्डन यांच्याबरोबर त्या दक्षिण आफ्रिकेला गेल्या. न्यूनहॅममधील त्यांची मैत्रीण मार्गो ह्यूम तेथे वनस्पतींचा अभ्यास करीत होती. पुढे काय करावे हे विल्स यांचे अद्याप ठरले नव्हते. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. गॉर्डन सैन्यात भरती झाले आणि लुसी यांनी केपटाउनमधील एका रुग्णालयात काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. त्यानंतर त्या इंग्लंडला परतल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. रॉयल फ्री हॉस्पिटल या रुग्णालयाशी हे विद्यालय जोडलेले होते. भारतात काम केलेल्या अनेक स्त्री डॉक्टर याच विद्यालयातून बाहेर पडल्या होत्या.

१९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधन आणि अध्यापन हा मार्ग पत्करला. रॉयल फ्रीमध्ये गरोदरपणातील विकारांचा रासायनिक अभ्यास करणाऱ्या विभागात त्या काम करू लागल्या. मुंबईतील कामाची पूर्वतयारी येथे झाली.

पार्श्वभूमी: जंतू की आहार

विल्स यांचे काम समजण्यासाठी त्या काळातील वैद्यकाची दिशा ध्यानात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांनी रोगांचे मूळ जंतूंमध्ये असते हे सिद्ध केल्यापासून प्रत्येक न उलगडलेल्या रोगामागे एखादा जंतू असावा, असा तर्क सहज केला जाई. घातक रक्तक्षय या विकाराबाबतही हेच झाले. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी हा विकार तोंडातील आणि पचनमार्गातील जंतूंच्या विषामुळे होतो, असे मत मांडले होते. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी तर मोठ्या आतड्यातील जिवाणूंची विषे शरीर झिजवतात आणि त्यामुळे वार्धक्य येते, असे प्रतिपादन करून आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला होता.

दुसरीकडे, रोग एखाद्या गोष्टीच्या शरीरातील प्रवेशामुळेच होतो असे नाही, एखाद्या गोष्टीच्या अभावामुळेही होतो, ही कल्पना नवी होती. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस या विकारांच्या अभ्यासातून जीवनसत्त्वांची संकल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुजली. १९२६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून घातक रक्तक्षय आटोक्यात आणता येतो, असे दाखवले. या शोधासाठी त्यांना आणि जॉर्ज व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विल्स मुंबईत आल्या तेव्हा हा शोध केवळ दोन वर्षांचा होता.

मुंबईत आगमन

मार्गारेट बॅल्फर या स्कॉटिश डॉक्टरांनी भारतात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केले होते. बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचे रक्त झपाट्याने कमी होते, त्या पांढऱ्याफटक पडतात, त्यांना सूज आणि धाप येते, आणि अनेकदा आई व मूल दोघेही दगावतात, असा अनुभव त्यांना आला होता. या रक्तक्षयाचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी विल्स यांना बोलावून घेतले. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. आजची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही याच संस्थेचे पुढचे रूप आहे. या चौकशीचा भाग म्हणून विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी कामाला आरंभ केला.

ज्या वास्तूत हे काम सुरू झाले तिचा इतिहास जंतूंशी बांधलेला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी येथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हाफकिन हे मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. पुढे तिला बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी हे नाव मिळाले आणि १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट असे नामकरण झाले. जंतू हुडकण्यासाठी उभारलेल्या या प्रयोगशाळेत विल्स यांना ज्या रोगाचा छडा लावायचा होता, त्याचे उत्तर जंतूंपाशी नव्हते.

परळ आणि गिरणगाव

संस्थेच्या भोवती कापड गिरण्यांची वस्ती होती. मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा वाटा फार मोठा होता. दापोली तालुक्यातील आंजर्ले, हर्णै, दाभोळ या किनाऱ्यावरच्या गावांतून मुंबई गाठण्याची रुळलेली वाट त्या काळी समुद्रावरूनच जात असे. गावाकडे खाडीची मासळी, परसातला भाजीपाला आणि कुळीथ, चवळी यांसारखी कडधान्ये यांची भाताला जोड असे. चाळीतल्या एका खोलीत अनेकांचा संसार मांडणाऱ्या कुटुंबाला मात्र लागेल ती गोष्ट विकत घ्यावी लागे, आणि पैसा अपुरा पडला की भाजी व दूध यांना आधी कात्री लागे. स्त्रिया गिरण्यांत प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. १९२६ मध्ये परळ भागात केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा संमत झाला. कामकरी स्त्रीचे बाळंतपण हा सार्वजनिक प्रश्न आहे, ही जाणीव आकार घेत असलेल्या काळात विल्स यांचे संशोधन सुरू झाले.

आहाराची पाहणी

विल्स यांनी प्रयोगशाळेपूर्वी स्त्रियांच्या घरांकडे लक्ष वळवले. मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या राहणीतील स्वच्छता या दोन्हींची पाहणी त्यांनी तळपदे यांच्या सहकार्याने केली आणि तिचा वृत्तान्त १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वच्छता तपासण्यामागचा हेतू उघड होता. रोग जंतुजन्य असेल तर अस्वच्छतेशी त्याचा मेळ बसायला हवा होता. प्रत्यक्षात मेळ बसला तो आहाराशी. वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतील आणि समाजांतील स्त्रियांच्या ताटात काय असते आणि त्यांच्यात हा रक्तक्षय किती आढळतो, याची तुलना करता या दोहोंतील नाते स्पष्ट झाले. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये हा विकार सर्वाधिक होता. कारण धर्म नव्हते, ताटातली उणीव होती.

गरोदरपणातच हा विकार का उफाळतो, याचेही उत्तर या पाहणीच्या दिशेने मिळत होते. वाढत्या गर्भाला नवे रक्त आणि नव्या पेशी घडवण्यासाठी जे लागते ते आईच्या शरीरातून घेतले जाते. आईचा साठा आधीच तुटपुंजा असेल तर तो याच काळात संपतो.

कुन्नूर येथील प्रयोग

एप्रिल ते ऑक्टोबर १९२९ या काळात विल्स यांनी आपले काम निलगिरीतील कुन्नूर येथे हलवले. तेथील पाश्चर संस्थेच्या आवारात रॉबर्ट मॅक्करिसन यांची पोषणविषयक प्रयोगशाळा होती. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीतील फरक मोजण्याचे प्रयोग मॅक्करिसन यांनी केले होते. याच प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

विल्स यांनी मुंबईतील गरीब स्त्रिया जे खात तसाच आहार पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना दिला. माद्यांना रक्तक्षय झाला आणि गाभण माद्या पिले होण्यापूर्वीच मेल्या. आहारात यीस्टची भर घातली की रक्तक्षय टळत असे. आहाराचा तर्क सिद्ध झाला असे वाटण्याजोगा हा निष्कर्ष होता.

तथापि उंदरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यात बार्टोनेला नावाने ओळखला जाणारा जंतू आढळला. हा जंतू उवांमार्फत एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो आणि एरवी शरीरात निमूट राहतो. आहार निकृष्ट झाला आणि त्यात गरोदरपणाचा ताण आला की तो उचल खातो आणि रक्तपेशींचा नाश करतो. उंदरांच्या मृत्यूला उपासमार किती आणि जंतू किती कारणीभूत, हे सांगता येईना. विल्स यांनी ही अडचण झाकून ठेवली नाही. मेहता यांच्यासमवेत १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी बार्टोनेलाचा उल्लेख केला. त्यानंतर हाच प्रश्न त्यांनी ऱ्हीसस माकडांवर नव्याने तपासला. बिलिमोरिया यांच्यासह १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, निकृष्ट आहाराने माकडांमध्ये मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण होतो, असे त्यांनी दाखवले. उंदरांच्या प्रयोगातील शंका या कामाने दूर झाली.

मार्माइटचा उपचार

मुंबईतील रुग्णांवर यकृत आणि यीस्ट या दोन्हींचे उपचार करून पाहण्यात आले. यकृताच्या अर्काने स्त्रिया बऱ्या होत, परंतु तो महाग होता. ज्या स्त्रियांना हा विकार होई त्यांना तो परवडणे अशक्य होते. यीस्टच्या अर्काचा स्वस्तात मिळणारा प्रकार म्हणजे मार्माइट. बिअर गाळल्यानंतर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळसर, खारट, दाट पदार्थ इंग्लंडमध्ये १९०२ पासून विकला जात होता आणि लोक तो पावाला लावून खात.

मार्माइट दिल्यानंतर थोड्याच दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या एकदम वाढे. अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असे. पाठोपाठ रक्ताचे प्रमाण चढू लागे आणि अशक्तपणा ओसरे. या निरीक्षणांवर आधारलेला विल्स यांचा निबंध जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. रक्तविज्ञानाच्या इतिहासात तो मूलभूत मानला जातो. त्याच वर्षी त्यांनी मद्रासमधील कास्ट अँड गोषा रुग्णालयातही काम केले. १९३० ते १९३२ या वर्षांतील उन्हाळ्यांचे काही महिने त्या इंग्लंडमध्ये रॉयल फ्रीच्या प्रयोगशाळेत घालवीत.

दोन रक्तक्षयांतील भेद

मुंबईत आढळणाऱ्या विकाराला तोवर गरोदरपणातील घातक रक्तक्षय असे म्हटले जाई. मूळ घातक रक्तक्षयाप्रमाणेच याही विकारात तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होतात. पेशींचे विभाजन नीट होत नसल्याचे हे लक्षण होय. लोहाच्या अभावाने होणाऱ्या नेहमीच्या रक्तक्षयात पेशी उलट लहान होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही घातक विकार सारखे दिसत असल्याने ते एकच समजले गेले होते.

विल्स यांनी त्यांतील भेद दोन गोष्टींवरून दाखवला. घातक रक्तक्षयाच्या रुग्णांच्या जठरात आम्ल तयार होत नाही. मुंबईच्या स्त्रियांच्या जठरात ते होत होते. दुसरे असे की, घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना लागू पडत नव्हता. त्यांना कच्चा अर्क लागू पडे. याचा अर्थ, यकृतात रक्तवर्धक असे दोन वेगळे घटक असले पाहिजेत, आणि शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत त्यांतील एक टाकून दिला जात असला पाहिजे. मार्माइटमध्ये तो टाकला जाणारा घटक होता. १९३७ मध्ये क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधात विल्स यांनी हा वेगळा घटक असल्याचे रासायनिक पुराव्यानिशी मांडले. नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात सुमारे दहा आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिन संस्थेत येऊन गेल्या. या वेळच्या प्रवासाचा काही भाग त्यांनी विमानाने केला.

युद्धकाळ आणि उत्तरायुष्य

१९३८ पासून विल्स रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये स्थिर झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ होत्या. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब कोसळला. त्यात काही जण मृत्युमुखी पडले आणि विकृतिशास्त्र विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले. युद्ध संपेपर्यंत रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली होती. तेथील पहिला रक्तविज्ञान विभागही त्यांनीच स्थापन केला.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे प्रवास करून त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांविषयीची निरीक्षणे चालू ठेवली. आयुष्याची शेवटची सुमारे दहा वर्षे त्या लंडनमधील चेल्सी भागाच्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित होत्या. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

विल्स घटक ते फॉलिक आम्ल

विल्स यांनी ज्या घटकाचे अस्तित्व दाखवले तो शुद्ध रूपात वेगळा काढणे त्यांना साधले नाही. तो पुढे अनेक वाटांनी हाती आला. माकडांवर प्रयोग करणाऱ्यांनी त्याला एम जीवनसत्त्व म्हटले, कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करणाऱ्यांनी निराळे नाव दिले, आणि जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्यांनी आणखी वेगळे. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकापासून हा पदार्थ सांद्र रूपात मिळवला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

हा पदार्थ किती आहे हे मोजण्यासाठी या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूचा उपयोग केला. त्याच्या वाढीला फॉलिक आम्ल लागते. हा जिवाणू पुढे आतड्यात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिस या जातीचा असल्याचे निश्चित झाले. ज्या आतड्यातील जंतूंवर एकेकाळी रक्तक्षयाचा आरोप होता, त्यांच्यापैकीच एक रक्तक्षयावरील औषध शोधण्याचे माप ठरला.

त्यानंतर लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्ल स्फटिकरूपात मिळवण्यात आले आणि १९४५ च्या सुमारास त्याचे कृत्रिम संश्लेषण झाले. या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे नेतृत्व मूळचे आंध्रातील शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. फॉलिक आम्लाच्या कार्याला अटकाव करणारे पदार्थही तेथेच तयार झाले. त्यांच्या साहाय्याने सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर पहिल्यांदा तात्पुरते यश मिळवले.

रक्त, मज्जातंतू आणि आतड्यातील जिवाणू

विल्स यांनी दाखवलेला भेद किती मोलाचा होता हे फॉलिक आम्ल औषध म्हणून हाती आल्यावर लक्षात आले. १९४६-४७ च्या सुमारास मूळ घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही ते देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, परंतु काहींच्या हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, पायांतील शक्ती कमी होणे ही लक्षणे सुरू झाली किंवा बळावली. या रुग्णांमध्ये मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायेलिन हे आवरण झिजत होते. त्यांना हवा असलेला दुसरा घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात यश आले. रक्तासाठी दोन्ही घटक लागतात, पण मज्जातंतूंची ही झीज ब-१२ वाचून थांबत नाही. म्हणूनच मोठ्या पेशींच्या रक्तक्षयात दोहोंपैकी कशाची उणीव आहे हे तपासल्याशिवाय केवळ फॉलिक आम्ल देऊ नये, असा दंडक वैद्यकात रूढ झाला.

आतड्यातील जिवाणूंविषयीची समजूतही याच काळात बदलली. १९४० च्या दशकात उंदरांना शुद्ध केलेला आहार आणि आतड्यातील जिवाणूंना रोखणारी सल्फा औषधे एकत्र दिली असता त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, आणि यकृताने त्या पूर्ववत झाल्या. आतड्यातील काही जिवाणू स्वतः फॉलिक आम्ल तयार करतात आणि शरीराला त्याचा काही लाभ मिळतो, हे यातून उलगडत गेले. तथापि हा पुरवठा शरीराची गरज भागवण्यास पुरेसा नसतो. मुख्य भार पालेभाज्या, कडधान्ये, यकृत अशा अन्नावरच राहतो, आणि भाजी पुष्कळ पाण्यात दीर्घकाळ शिजवली तर त्यातील बराचसा घटक नष्ट होतो.

मायेलिन आवरणाचा नाश होणारा दुसरा विकार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. ब-१२ किंवा फॉलिक आम्लाचा अभाव हे त्याचे कारण नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत या विकाराच्या रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू उंदरांच्या शरीरात सोडले असता उंदरांमधील तत्सम विकार अधिक प्रमाणात किंवा अधिक तीव्रतेने दिसला. त्यामुळे आहार, आतड्यातील जिवाणू आणि मज्जातंतूंचे आरोग्य यांच्या संबंधांवर सध्या बरेच संशोधन चालू आहे. हा विकार बरा करणारा कोणताही आहार मात्र अद्याप सिद्ध झालेला नाही. आहार आणि जंतू यांचा परिणाम एकमेकांत कसा मिसळतो आणि तो वेगळा करून पाहणे किती अवघड असते, याचे धडे विल्स यांच्या कुन्नूरच्या उंदरांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी दिले होते.

वारसा

फॉलिक आम्लाचे महत्त्व केवळ आईच्या रक्तापुरते नाही, हे विल्स यांच्या निधनानंतर सिद्ध झाले. गर्भधारणेच्या अगदी पहिल्या आठवड्यांत गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नीट मिटली नाही तर मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने असे मूल आधी झालेल्या स्त्रियांवर केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे तिच्यात आढळले. अमेरिकेने १९९८ पासून पीठ व तत्सम धान्यपदार्थांत फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले.

भारतात पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ मध्ये आरंभलेल्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी दिली जाते. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस ती चालू ठेवायची असते. परळच्या चाळींपासून कोकण किनाऱ्यावरील आंजर्ल्यासारख्या गावांपर्यंत सरकारी आरोग्य सेवेतून ती विनामूल्य मिळते.

१० मे २०१९ रोजी विल्स यांच्या १३१ व्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्यांच्या काळात या विकाराने दगावणाऱ्या स्त्रियांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. त्या काय खात आणि काय खायला त्यांना मिळत नव्हते, याची नोंद मात्र विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ठेवली, आणि त्या नोंदीतून पुढच्या पिढ्यांतील असंख्य माता व बालकांचे प्राण वाचले.